घरचा गाल

"हलू नकोस," प्रभाताई म्हणाली. "आणि रडू तर अजिबात नकोस. रडलीस तर पावडर वाहील."

मी रडत नव्हते. मी श्वाससुद्धा बेतानं घेत होते. न्हाणीशेजारच्या खोलीत खिडकी लोटून घेऊन माझी सख्खी थोरली बहीण माझ्या डाव्या गालावर पावडर थापत होती, आणि बाहेर अंगणात तिची होणारी सासू पोहे खात होती. बशीवर चमचा वाजलेला आत ऐकू येत होता. चमचा थांबला की आम्हीही थांबत होतो.

सकाळी वेणी घालताना मला तो दिसला होता. डाव्या गालावर, कानाच्या पाळीपासून जरा खाली, चिंचोक्याएवढा पांढरा ठिपका. आधी वाटलं, लावलेला स्नो जिरायचा राहिलाय. बोटानं पुसला. मग परकराच्या काठानं पुसला. मग थुंकी लावून पुसला. थुंकीनं न जाणारी गोष्ट माझ्या तोवरच्या आयुष्यात आलेली नव्हती. ही गेली नाही, तेव्हा मी ताईला हाक मारली.

"ताई, हे कोड असेल का गं?"

"तोंड बंद कर."

"पण कोडच असलं तर?"

"तो शब्द आज या घरात काढायचा नाही. उद्या काढ. परवा काढ. हवं तर माझ्या वरातीत बँडवाल्याकडून वाजवून घे. आज नाही."

हे ती हसत म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. पण पावडरीचा फुगा ती असा दणादण आपटत होती की निम्मी पावडर माझ्या पोलक्यावर पडत होती.

आमच्या आळीत कोड असलेली एक बाई होती. तिच्या हातचं पाणी कुणी पीत नसे. तिला तीन बहिणी होत्या. त्यांच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढा डाग नव्हता, आणि तिघी म्हाताऱ्या होऊन त्याच घराच्या ओट्यावर बसलेल्या होत्या. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही, असं आमच्या शाळेतल्या बाई फळ्यावर चित्र काढून सांगायच्या. माणसांना लागत नसेल. स्थळांना लागायचं.

"पावडर लावायची नसते ना पण?" मी म्हटलं. "आत्या मारेल."

"मारू दे. गाल सुजला तर ठिपका दिसणार नाही."

इथं आमच्या धंद्याबद्दल सांगायला हवं, कारण एरवी चौदा वर्षांच्या मुलीच्या गालाला कुणी इतकं महत्त्व देत नाही.

आम्ही कासार. वेळापुरे. माझे आजोबा बांगड्यांची पेटी घेऊन तासगावच्या आसपासची खेडी फिरायचे. पेटीच्या झाकणाला आतून आरसा होता. आजोबांच्या लक्षात आलं, की मोठ्या बायका बांगड्यांकडे बघतात, पण वयात आलेल्या मुली बघत नाहीत. हात आजोबांच्या हातात देऊन त्या आरशात आपले मुरूम मोजत बसतात. बांगडी फुटून मनगटाला रक्त आलं तरी त्यांना पत्ता नसे. आजोबांनी घरी येऊन मागच्या पडवीत चूल मांडली, आणि त्या चुलीवरून तोंडाला लावायचा 'कोवळीक स्नो' निघाला. बारा ते वीस वर्षांच्या मुलींसाठी. त्यापुढच्या बायकांना आम्ही नाही म्हणत नव्हतो, पण त्यांच्यावर भिस्तही ठेवत नव्हतो. त्यांचा आरशावरचा विश्वास उडालेला असतो.

डबीवर एक ओळ छापलेली असे: 'आधी घरच्या गालावर, मग तुमच्या.' लोकांना ही जाहिरात वाटायची. आमच्याकडे तो कायदा होता. कढईतून नवा घाणा निघाला, की तो आधी घरातल्या मुलीच्या डाव्या गालावर आठवडाभर लावायचा. उजवा गाल देवाचा, डावा कंपनीचा. त्या आठवड्यात तोंडाला साबण नाही, पावडर नाही, लग्नाकार्याला जाणं नाही. रविवारी ऊन अंगणाच्या मधोमध आलं की सगळ्यांनी जमायचं. गोदूआत्यानं मुलीची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे करायचं आणि गाल वाचायचा. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. ती आमच्याकडेच राहायची आणि सगळा स्नो तीच करायची. अण्णा तो विकायचे, म्हणून मालक अण्णा. आत्यानं मान हलवली की माल बाहेर. पुरळ दिसलं, लाली दिसली, की घाणा पुन्हा चुलीवर.

ताईचं लग्न ठरायला आलं तेव्हा तिच्याकडचं काम माझ्याकडे आलं. घरात याला बढती म्हणाले. आईनं गोड केलं होतं.

आणि त्या रविवारी अण्णांनी एक हौस केली. ताईला बघून गेलेल्या कराडच्या अनसूयाबाई कोळपकर, मुलाची आई, याही कासारच. पसंती जवळजवळ झालेली होती, तोंडानं व्हायची राहिली होती. अण्णांनी त्यांना निरोप धाडला, "या एकदा आमच्याकडचं गाल वाचणं बघायला. आमच्या घरात लपवाछपवी म्हणून नाही. पोरीचा गाल आम्ही भर उन्हात धरतो."

त्या आल्या. लपवाछपवी नसलेल्या घरात, खिडकी लोटलेल्या खोलीत, मी बसले होते.

"चारू!" अण्णांची हाक आली. "बाहेर या बाईसाहेब, ऊन आलं!"

ताईनं माझा खांदा दाबला. "उजवा गाल पुढे कर," ती कुजबुजली.

"डावाच बघतात गं."

"मग... मग देवाचं नाव घे," ती म्हणाली, आणि दाराआड झाली.

अंगणात खुर्ची एकच होती, तिच्यावर अनसूयाबाई बसल्या होत्या. ऐसपैस बाई, नाकात मोठी नथ, मांडीवर चष्म्याचं घर. आई किटली घेऊन उभी. अण्णा धुतलेल्या सदऱ्यात. दाराबाहेर टेंपो भरून उभा होता. लग्नसराईचा सगळा माल त्यात होता, फक्त आत्याची मान हलायची राहिली होती. मी अंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिले. ऊन डोक्यावर होतं, आणि मला हुडहुडी भरली होती.

"ही आमची धाकटी," अण्णा म्हणाले. "सध्याचा गाल हिच्याकडे हाय."

"गोड हाय की पोर," अनसूयाबाई म्हणाल्या. "भ्यालीय का अशी? आम्ही काय खातोय व्हय तुला? पोहे खाल्लेत आत्ताच."

सगळे हसले. मीही हसायचा प्रयत्न केला. गालावरच्या पावडरीला चीर गेल्याचं मला आतून कळलं.

आत्या पडवीतून आली. पदराला हात पुसले. तिच्या बोटांना गुलाबाचा आणि धुराचा एकदमच वास यायचा. तिनं माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे केलं.

"पावडर कुणी लावली?"

आईनं किटली दुसऱ्या हातात घेतली.

"आगं, पाहुणे यायचे म्हणून लावली असंल," अनसूयाबाईच म्हणाल्या. "पोरीची जात."

"गालाला चालत न्हाई," आत्या म्हणाली. तिनं पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि माझा गाल पुसायला सुरुवात केली. कपाळाकडून खाली, हळू, भांडं पुसावं तसा. मी डोळे मिटले. मला ओला पदर जाणवत होता. तो डोळ्याखाली आला. मग कानाकडे गेला. मग थांबला.

मी डोळे उघडले. आत्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर होता आणि त्यात काहीच बदललं नव्हतं. एवढंच, की पदर तिनं सोडला होता, आणि आता तिचा अंगठा त्या ठिपक्यावर होता. अगदी नेमका. ठिपका तिच्या अंगठ्याखाली पूर्ण झाकला गेला होता.

"काय वो?" अनसूयाबाई म्हणाल्या. "थांबलासा का? बघू मला पण."

"थांबा," आत्या म्हणाली.

"थांबा काय? त्यासाठीच बोलावलंय न्हवं मला?" त्यांनी चष्मा चढवला आणि खुर्चीतून उठल्या.

आत्यानं अंगठा काढला.

अनसूयाबाई वाकल्या. त्यांची नथ माझ्या नाकाला लागली. "हे पांढरं काय हाय?"

आईनं भरलेल्या कपात चहा ओतायला सुरुवात केली. चहा बशीत आला, बशीतून जमिनीवर आला, तरी ती ओततच होती.

"काही नाही, सावली पडली असंल," अण्णा म्हणाले.

"सावली पांढरी असती व्हय तासगावात?"

"न्हवं, म्हणजे..." अण्णा जवळ आले. त्यांनी बघितलं. त्यांच्या तोंडावरचं मालकपण असं उतरलं, की मला माझ्यापेक्षा त्यांचीच काळजी वाटली. "आमच्या मालानं असं कधी होत नाही," ते म्हणाले. "कधीच नाही. वडलांपासून धंदा हाय. एक तक्रार नाही. आमचा माल लोण्यासारखा असतो. लहान बाळाला लावा!"

"मग मालाचं न्हाई म्हणता?"

"शक्यच नाही!"

"मग कशाचं?" अनसूयाबाईंनी शांतपणे विचारलं.

अण्णांनी टेंपोकडे पाहिलं. मला वाटतं, तोवर त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं. भीतीनं माणूस मूर्ख होतो म्हणतात, पण त्या अंगणात मी एकटी अशी होते जिला सगळा हिशेब स्वच्छ दिसत होता. स्नो चांगला असेल तर डाग माझा. डाग माझा असेल तर तो माझ्या बहिणीचाही, आणि मागच्या दारानं आईचा, अण्णांचा, सगळ्या वेळापुऱ्यांचा. स्नो वाईट असेल तर मी सुटले, ताई सुटली. फक्त ज्या धंद्यावर घर उभं होतं तो गेला. भरलेला टेंपो एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला. अण्णा टेंपोच्या बाजूनं बोलत होते, आणि जितकं छान बोलत होते तितका माझा डाग पक्का होत होता.

दाराआडून ताईच्या बांगड्यांचा आवाज आला आणि लगेच बंद झाला. तिनं हातानं धरल्या असाव्यात.

"सेंटचं हाय हे," आत्या म्हणाली.

"कसलं सेंट?" अण्णा.

"ह्या घाण्याला मुंबईचं नवीन सेंट घातलंस ते. चटका बसलाय पोरीला. भाजल्यावर कातडी पांढरी पडती, तसं झालंय."

"आक्का, काय बोलतेस? ते सेंट मी स्वतः हाताला लावून..."

"विष्णू."

एवढंच म्हणाली ती. आवाज चढवला नाही. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शेजारच्या घरातून कुणीतरी तांदूळ पाखडत असल्याचा आवाज येत होता. तो मला अजून ऐकू येतो.

मग अण्णांनी मान खाली घातली. "माझीच चूक," ते म्हणाले. "हलकं सेंट घेतलं मी."

अनसूयाबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला. त्या माझ्याकडे वळल्या.

"भाजलंय म्हणतासा. भाजल्यावर आग व्हायला पाहिजे. काय गं पोरी, आग होती का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. आग होत नव्हती. काहीच होत नव्हतं. हो म्हणावं, तर खोटं बोलताना माझे कान लाल होतात हे शाळेतल्या शिपायालासुद्धा माहीत होतं. मी तोंड उघडलं. अनसूयाबाई माझ्या कानांकडे बघत होत्या.

तेवढ्यात माझ्या हनुवटीत सुई शिरल्यासारखी कळ आली. आत्याची पकड तशीच होती, पण हनुवटीखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तिच्या अंगठ्याचं नख माझ्या मांसात रुतलं होतं. रुतलं होतं आणि वळत होतं.

"आई गं!" मी किंचाळले. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "होते! आग होते! फार होते!"

शब्दन् शब्द खरा होता तो. फक्त जागा वेगळी होती.

"आगागा," अनसूयाबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "सोडा वो तिला."

आत्यानं मला सोडलं. मी आईकडे पळाले आणि किटलीसकट तिला मिठी मारली.

पण अनसूयाबाई परत खुर्चीत बसल्या नाहीत. उभ्याच होत्या. कासाराची बाई ती. गिऱ्हाइकाचं हसणं आणि रडणं दोन्ही पारखून घेणारी. त्यांनी दारातल्या टेंपोकडे पाहिलं. "मग आता ह्या मालाचं काय करणार?"

मला कळलं, की खरा प्रश्न हा होता. टेंपो गेला असता तर माझं रडणं फुकट होतं.

"तुम्हाला काय सांगायचं?" आत्या म्हणाली. "चढवताना फुटली ती कासाराची."

ही आमच्या जातीची रीत. बांगडी हातात चढवताना फुटली तर नुकसान कासाराचं, गिऱ्हाइकाकडून पैसा घ्यायचा नाही. चढल्यावर फुटली तर ज्याची त्यानं बघावी. अनसूयाबाईंच्या सात पिढ्या या वाक्यावर जेवल्या होत्या. त्यांनी आत्याकडे नीट पाहिलं.

"सगळा?" त्यांनी विचारलं.

"विष्णू," आत्या म्हणाली, "मागं खड्डा खण."

"सगळा, आक्का?" अण्णांनी विचारलं. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"सगळा."

अण्णांनी धुतलेला सदरा काढून ठेवला. टेंपोवाल्याला काय चाललंय कळेना, तो म्हणत होता, "मालक, डिझेल टाकून आलोय वो मी!" अण्णांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. पडवीमागं राख टाकायचा खड्डा होता, तोच त्यांनी खोल केला. मग डबी उघडायची, चमच्यानं स्नो खड्ड्यात टाकायचा, डबी बाजूला ठेवायची. आत्या उघडत होती, अण्णा टाकत होते. थोड्या वेळानं ताई दाराआडून बाहेर आली आणि न विचारता शेजारी बसून डब्या उघडू लागली. पांढरा शुभ्र स्नो राखेवर पडत होता, आणि सगळं घर गुलाबानं असं घमघमत होतं की जणू लग्न आमच्याकडे आत्ताच लागलंय.

अनसूयाबाईंनी खुर्ची तिकडे मागवली आणि शेवटची डबी रिकामी होईपर्यंत बसून राहिल्या. मी आईच्या पदरात तोंड घालून एका डोळ्यानं त्यांच्याकडे बघत होते. त्या मध्येच उठल्या तर संपलं, असं मला वाटत होतं. त्या उठल्या नाहीत. ऊन उतरलं. डब्या संपल्या. तेव्हा त्या म्हणाल्या, "खोटं बोलायला कुणी एवढा माल मोडत न्हाई. साखर वाटा, वेळापुरे. पोरगी आमची."

ताईनं तिथंच, हातांना स्नो माखलेला असताना, तोंड झाकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर पाच-पाच बोटं उठली. पुढं कितीतरी वर्षं ती सांगायची, की मला हळदीच्या आधी स्नो लागला.

आठवडाभर आळीतली कुत्री त्या खड्ड्यात लोळून गुलाबासारखी दरवळत हिंडत होती. त्यांना पाहून लोक विचारायचे, आणि विचारलं की घडलेली हकिगत सांगावी लागायची. ती तासगावहून सांगलीला गेली, सांगलीहून कुठं कुठं. पोरीच्या गालावर ठिपका उठला म्हणून टेंपोभर माल पुरला, असा माणूस. पुढच्या वर्षी आम्हाला मागणी पुरवता येईना. पडवीची शेड झाली, शेडचा कारखाना झाला. कंपनीच्या पन्नाशीला छापलेल्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर हा प्रसंग आहे, आणि त्यात माझा उल्लेख 'कुटुंबातील एक बालिका' असा आहे.

एक गोष्ट अण्णांनी लगेच बदलली. "आजपासून पोरींचे गाल बंद," त्यांनी सांगितलं. "चूक माझी, गाल माझा." तेव्हापासून प्रत्येक घाणा अण्णा स्वतःच्या डाव्या गालावर लावू लागले. पोलिसी मिशा, एका बाजूला चकाकणारा गाल, आणि अंगाला कोवळ्या मुलीचा वास. असे ते बँकेत जायचे, लग्नांना जायचे. व्यापारी समोर बसून हसू दाबायचे. अण्णा चेहरा सरळ ठेवून म्हणायचे, "मुरूम एक नाही बघा, तुम्हीपण लावा."

ठिपका गेला नाही. मी रोज सकाळी थुंकी लावून बघायची. आत्या म्हणायची, "भाजल्याचा डाग हाय, राहतो." तो वाढलाही नाही. शाळेत मी 'स्नोनं भाजलेली चारू' झाले, आणि या नावावर माझं यथास्थित लग्न झालं. माझ्या नवऱ्यानं तर कौतुकानं बघितला होता तो डाग. पुण्यात त्याच्या मित्रांना तो कंपनीची गोष्ट सांगायचा आणि पुरावा म्हणून माझा गाल दाखवायचा.

मग माझ्या धाकट्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणानंतर एका सकाळी पायात जोडवी सारखी करताना मला घोट्याच्या आतल्या बाजूला दुसरा दिसला. चिंचोक्याएवढा.

मी पहिली गाडी पकडून तासगावला गेले. त्या प्रवासातली भीती मी सांगत नाही. चौदाव्या वर्षीची भीती तिच्यापुढं काहीच नव्हती. आत्या मागच्या खोलीत एकटी बसून रिठे निवडत होती. मी दार लावलं, तिच्यापुढं पाय ठेवला आणि म्हटलं, "आत्या, इथं मी स्नो कधी लावलेला नाही."

तिनं पाहिलं. रिठे बाजूला केले. मग काही न बोलता तिनं पदर खांद्यावरून खाली सोडला आणि माझ्याकडे पाठ केली. चोळीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे, तिची पाठ पांढरी होती. नकाशावर एखादा जिल्हा असावा तेवढी.

"लग्नाआधी एवढुस्सा होता," ती पाठमोरीच म्हणाली. "पाठीवर. मला दिसणार कसा? नंतर ज्यांना दिसायचा त्यांना दिसला. मग परत पाठवलं."

"मग त्या दिवशी तू अंगठा ठेवलास..."

"तेव्हाच कळलं."

"आणि सेंट? स्नो?"

"झकास होता स्नो," ती पदर सारखा करत म्हणाली. "तसा घाणा पुन्हा जमला न्हाई मला."

मी खालीच बसले. "चांगला माल पुरलास, आत्या?"

"माल पुन्हा करता येतो." ती परत रिठे निवडू लागली. "परत पाठवलेली पोरगी पुन्हा करता येत न्हाई. आता रडू नकोस, तुझा नवरा बरा हाय. त्याला सरळ सांग. आणि हे बघ, विष्णूला बोलू नकोस. त्या सेंटची चूक त्यानं जन्मभर उरावर घेतलीय. बहिणीनं आपल्याला फसवलं, हे कशाला कळायला पाहिजे म्हाताऱ्याला?"

मी बाहेर आले. अण्णा सोप्यावर बसले होते, डावा गाल चकाकत होता. मी त्यांच्या शेजारी बसले आणि पाय साडीत ओढून घेतला. जन्मभर स्नो विकलेला माणूस. लपवलेली जागा त्यांना आधी दिसायची.

"पाय का लपवतेस?"

"कुठं काय."

"दाखव."

मी दाखवला नसता तरी त्यांनी धरलाच असता. पाय मांडीवर घेऊन, चष्मा कपाळावर सारून त्यांनी घोटा उन्हाकडे वळवला. मला पुन्हा तीच हुडहुडी भरली. पायाकडे बघण्याऐवजी मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता यांना कळणार, आता हे आत जाऊन आत्याला विचारणार.

"आक्काचं असंच सुरू झालं होतं," अण्णा म्हणाले.

मी पाय मागं ओढला, त्यांनी सोडला नाही.

"तिला आणायला मीच गेलो होतो की. मिसरूड फुटत होतं मला. तिच्या सासूनं अंगणात उभं करून पाठ दाखवली मला. आक्काला वाटतं, मी मान फिरवली होती." त्यांनी माझा घोटा अंगठ्यानं हलकेच चोळला. "फिरवली, पण उशिरा."

"म्हणजे त्या दिवशी तुम्हाला..."

"ती म्हणाली सेंटचं. मग सेंटचं."

"पण तुम्ही हलकं सेंट घेतलं होतं म्हणालात!"

"हलकं कुठलं? कनौजच्या अत्तरवाल्यांचं अस्सल होतं, मुंबईतनं आणलेलं." त्यांनी माझं जोडवं सारखं केलं. "पोरींना उन्हात उभं करून बघणं तेवढं बंद करायला निमित्त पाहिजे होतं, ते झालं. आणि हे बघ, आक्काला बोलू नकोस हं. मला ठाऊक नाही, या समजुतीवर ती सुखात हाय."

आतून रिठ्यांचा आवाज थांबला.

"काय खुसुरफुसुर चाललीय रे बापलेकीची?" आत्या ओरडली.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. माझा पाय अजून त्यांच्या मांडीवर होता.

"काही नाही, आक्का," ते म्हणाले. "पोरीच्या पायात काटा गेलाय."

आत रिठे बाजूला सारले गेले. मग पेटी उघडल्याचा आवाज आला.

"थांब," आत्या म्हणाली, "सुई आणते."

आणि ती खरोखरच सुई घेऊन बाहेर आली, माझ्या दुसऱ्या बाजूला बसली, आणि आम्ही तिघं बराच वेळ तो काटा शोधत राहिलो.